इलोनाचा तुटलेला सूर

आश्विनातल्या उन्हाला आमच्या हदगावकडं एक वास असतो. वाळलेल्या सोयाबीनचा, तापलेल्या काळ्या मातीचा आणि मळणी यंत्रातून उडणाऱ्या भुसकटाचा. दुपारी रान अगदी गप्प असलं की उभ्या पिकातल्या शेंगा आपोआप तडकतात. कुणीतरी लांबून बोटं मोडावीत तसा तो आवाज येतो. मग दत्ता, माझा धाकटा भाऊ, आभाळाकडं बघतो आणि म्हणतो, "अक्का, आता थांबून जमायचं न्हाई. काढणी लावावी लागती."

लातूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता माझी पंचविसावर वर्षं गेली. घर लातुरात, संसार लातुरात. तरी दसऱ्याच्या आसपास चार दिवस मी हदगावला जातेच. मळणी चालू असताना डोक्याला फडकं बांधून ताडपत्रीच्या कडेला बसायचं, बायांशी बोलायचं, संध्याकाळी अंगावरचं भुसकट झटकत घरी यायचं. या चार दिवसांची मी वर्षभर वाट बघायची.

गेली तीन वर्षं मात्र तिथं उभं राहणं जड जातं. तीन वर्षांपूर्वी याच रानात, सोयाबीनच्या गंजीच्या सावलीला बसून, हातातल्या फोनवर मी एका बाईचं नुकसान केलं. ती बाई हंगेरीतल्या एका लहान शहरात राहते. तिला मी कधी समोर पाहिलेलं नाही. तिचं नाव इलोना.

इलोना ऑपेरा गाते. ऑपेरा म्हणजे अथपासून इतिपर्यंत गाऊनच केलेलं नाटक. प्रेम गाण्यात, भांडण गाण्यात, मरणसुद्धा गाण्यात. माझ्यासारख्या मराठवाड्यातल्या बाईच्या कानी हे कुठून पडलं, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर नांदेडात आहे, यासीनभाईंच्या दुकानात.

मी नांदेडला शिकायला होते तेव्हा माझा टेपरेकॉर्डर बिघडला. जुन्या नांदेडातल्या एका बोळात यासीनभाईंचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं, अजून आहे. वडिलांच्या काळापासून त्यांच्या घरात हेच काम. टेप दुरुस्त झाला की ते एक ठरावीक कॅसेट लावून तपासायचे. कुणी गिऱ्हाईक डेकसोबत ठेवून गेला होता, परत आलाच नाही. त्यात कुणी परदेशी बाई गायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दाराशीच थबकले. तो आवाज जमिनीखालून निघून कौलांपर्यंत चढायचा.

"ही काय म्हणते, यासीनभाई?"

"मला काय माहीत, बेटा. पण हिच्यात खालचं बी हाय, वरचं बी हाय. स्पीकर झूट बोलला की ही बाई लगेच पकडती."

माझा टेप दुरुस्त झाला होता. तरी त्या महिन्यात मी तीनदा त्या बोळात गेले. तिसऱ्यांदा त्यांनी काही न विचारता स्टूल पुढं केलं आणि कॅसेट लावली. आम्हा दोघांनाही एक शब्द कळत नव्हता. पुढं नोकरी, लग्न, मुलं यात तो आवाज मागं पडला. फोनवर जगातलं सगळं ऐकता येऊ लागलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते तेच स्टूल. मी शोधू लागले, ऐकू लागले. आणि ऐकता ऐकता ऑपेरावेड्या लोकांच्या एका वस्तीत जाऊन पोचले.

वस्तीच म्हणते, कारण ते समाजमाध्यम कुणा एका कंपनीचं नव्हतं. आपल्याकडं प्रत्येक गावचा आपला बाजार असतो आणि एका गावचा माणूस खुशाल दुसऱ्या गावच्या बाजारात जातो, तसं ते होतं. कुणीही आपल्या घरातल्या संगणकावर आपली वस्ती उभारायची, ती बाकीच्या वस्त्यांशी जोडायची. आमची वस्ती उत्तरेकडच्या एका थंड शहरातले एक म्हातारे गृहस्थ चालवायचे. आयुष्यभर त्यांनी नाटकगृहात दिवे लावण्याचं काम केलं होतं. मी त्यांना मनात दिवेवाले आजोबा म्हणायची. त्यांचा संगणक म्हणे स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी ठेवलेला होता. आत घेण्याआधी ते प्रत्येकाला विचारायचे, तुम्ही कोण आणि का ऐकता? मी यासीनभाईंची कॅसेट लिहून पाठवली. दुसऱ्या दिवशी मला प्रवेश मिळाला. सोबत दोन नियम आले. गाणाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. आणि तुम्हाला विश्वासानं सांगितलेलं तुमच्यापाशीच ठेवायचं.

त्या वस्तीत जेमतेम दोन-तीनशे माणसं असतील. त्यात ऐकणारे होते तसे गाणारेही होते. फार मोठे नव्हेत. लहान शहरांतल्या नाटकगृहांत गाणारे, कोरसमध्ये उभे राहणारे. मोठ्या माध्यमांवर त्यांना कुणी विचारत नसे. इथं त्यांचं बोलणं आम्ही कान देऊन ऐकायचो. आज घसा कसा आहे, नवीन पोशाख कुठं टोचतो, दिग्दर्शक कशावरून चिडला. इलोना त्यातलीच. तिचा आवाज जाड, खालच्या पट्टीतला. तिनं एकदा लिहिलं होतं, "मी वीस वर्षं मोलकरीण आहे, दाई आहे, मावशी आहे. निरोप घेऊन येते, दोन ओळी गाते आणि जाते."

तिनंच मला पहिला निरोप पाठवला. "तुझ्या त्या दुरुस्तीवाल्यांना माझं गाणं ऐकव. मला खरं काय ते हवंय."

मी खरंच नांदेडला गेले. यासीनभाईंचे केस पांढरे झाले होते, चष्मा दोरीनं बांधलेला. मी इलोनाचं रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी नुकत्याच दुरुस्त केलेल्या मोठ्या स्पीकरला फोन जोडला आणि डोळे मिटून ऐकलं.

"माईक कंचा हाय हिचा?"

"माईक नाही, यासीनभाई. हे लोक बिनामाईकचं गातात. हजार माणसांपुढं."

"बिनामाईक," ते हसले. "मग तिकडं माझं दुकान काय चालायचं न्हाई." मग म्हणाले, "तिला सांग, खालचं लई खरं हाय तिचं. वर जाताना जरा घाबरती. घाबरू नको म्हणावं."

मी ते इंग्रजीत करून पाठवलं. इलोनानं ते कागदावर लिहून तिच्या रंगपटातल्या आरशाला चिकटवलं आणि त्याचा फोटो पाठवला. आरशात तिचा अर्धा चेहरा दिसत होता. पंचेचाळिशीची, नाकावर वांग असलेली, दमलेली बाई. माझ्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये येऊन बसली असती तर परकी वाटली नसती.

अशी आमची दोन वर्षं गेली. तिची सकाळची तालीम म्हणजे माझी दुपार. डबा खाताना मी तिचं लिहिलेलं वाचायची. तिच्या आईचं गुडघ्याचं दुखणं, माझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, तिच्याकडचा बर्फ, आमच्याकडं आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी. आम्ही कशाबद्दलही बोलायचो.

मग त्या वर्षी श्रावणात तिला भूमिका मिळाली. निरोप्याची नव्हे. पडदा वर जाण्यापासून खाली येईपर्यंत रंगमंचावर असणारी, वीस वर्षांतली पहिली. वस्तीत जणू सण होता. दिवेवाल्या आजोबांनी त्यांच्या स्वयंपाकघरात एक मेणबत्ती लावून त्या मेणबत्तीचा फोटो टाकला.

महिनाभरानं ती तापानं पडली. तापातून उठली, तालमीला गेली. आणि एका दुपारी तिनं काही लिहिलं, तिनं स्वतः निवडलेल्या थोड्या लोकांपुरतं. सोबत एक लहान रेकॉर्डिंग होतं.

मी हदगावच्या रानात होते. जेवणाची सुट्टी झाली होती, मशीन बंद होतं. गंजीच्या सावलीला बसून मी इयरफोन लावले. रिकाम्या खोलीत ती एकटी गात होती. खालून आवाज चढत आला, भरत आला, आणि जिथं टोकाला पोचायचा तिथं तो तुटला. सुतळी तुटावी तसा. मग थोडी शांतता. मग तिचा श्वास. ती पुन्हा चढली, पुन्हा तिथंच तुटली. खाली लिहिलं होतं, "तापानंतर वरचा सूर येत नाही. डॉक्टर म्हणतात येईल, वेळ द्या. नाटकगृहात मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही सगळे लांब आहात, म्हणून सांगते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मळणीला आलेल्या, शेजारी बसलेल्या गयाबाईनं विचारलं, "काय ऐकून राहिली बाई?" मी एक इयरफोन तिच्या कानाला लावला. तिनं भाकरीचा घास हातात तसाच धरून ऐकलं. म्हणाली, "लई जीव लावून गाती. तुटलं तरी सोडत न्हाई."

गयाबाईचं हे वाक्य मी उचललं. तिथंच बसून एक पोस्ट लिहिली. आमची इलोना कशी झगडते आहे, आजारानंतर वरचा सूर गेलेला असताना कशी उभी आहे, हे ऐका. भारतातल्या एका शेतात राबणारी बाई हे ऐकून काय म्हणाली तेही ऐका. तिला धीर द्या. खाली तिचं रेकॉर्डिंग जोडलं. आणि 'कुणाला दिसावं?' या प्रश्नापुढं 'सर्वांना' हा पर्याय निवडला.

पुढं मी सगळ्यांना सांगितलं की हे मी मायेपोटी केलं. दत्तालाही तेच सांगितलं, तोही म्हणाला, "चांगल्यासाठीच केलंस न्हवं अक्का, मग कशाला जीव जाळतीस." पण इथं खरं लिहायला हवं. माया होतीच. मायेच्या आत दुसरंही काही होतं. परदेशातल्या एका गायिकेनं आपलं दुखणं ज्या मोजक्या माणसांना सांगितलं त्यात मी आहे, लातूरची मी, हे मला जगाला दाखवायचं होतं. त्या दिवशी मशीन पुन्हा सुरू झालं, बाया पेंढ्या टाकू लागल्या, आणि मी दर थोड्या वेळानं फोन काढून बघत होते की माझं लिहिलेलं किती जणांनी पुढं पाठवलं. आकडा वाढत होता आणि मला बरं वाटत होतं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं, आणि आठवलं की मान खाली जाते.

आमच्या वस्तीतून ते शेजारच्या वस्तीत गेलं, तिथून आणखी पुढं. चौथ्या दिवशी ते तिच्या शहरात पोचलं. नाटकावर लिहिणाऱ्या कुणीतरी ते ऐकलं आणि नाटकगृहाला विचारलं, तुमच्या नायिकेचा आवाज गेला आहे हे खरं का? नाटकगृहानं तिला बोलावून घेतलं. डॉक्टरांनी वेळ द्या म्हटलं होतं, पण आता वेळ कोण देणार. भूमिका दुसरीला गेली.

हे मला दिवेवाल्या आजोबांकडून कळलं. इलोनाकडून एकच निरोप आला. मी लातुरात परतले होते, वर्गावर निघाले होते. हातात हजेरीपट होता.

"मी तुला लांबची समजले. चूक माझी."

त्यानंतर तिचं खातं बंद झालं.

मी माझी पोस्ट लगेच काढून टाकली. पण ती वस्ती कुणा एकाची नव्हती हे मी विसरले होते. ज्या ज्या वस्तीत ते रेकॉर्डिंग गेलं तिथं त्याची एक प्रत राहिली होती. दाद मागायला एक कचेरी नाही, एक साहेब नाही. ज्या मोकळेपणाचं मला एवढं कौतुक होतं तोच आता माझ्यासमोर हात वर करून उभा होता. मग मी पत्रं लिहायला बसले. एकेका वस्तीच्या मालकाला वेगळं पत्र. माझी चूक झाली, ही बाईची खाजगी गोष्ट आहे, कृपा करून तुमच्याकडची प्रत काढा. दिवाळीची सुट्टी त्यात गेली. बहुतेकांनी काढली. एकानं मला चार शब्द सुनावले, ते योग्यच होते. एका वस्तीकडून तिथल्या मालकाच्या मुलीनं कळवलं की वडील वारले, संगणक चालू आहे, पण त्याची किल्ली कुणाकडं नाही. तिथं ते अजून असेल. कुणाच्या तरी बंद घरात इलोनाचा सूर तुटलेला पडून आहे, हा विचार मला पेपर तपासताना, भाजी निवडताना, कधीही गाठतो.

दिवाळीनंतर मी नांदेडला गेले. यासीनभाईंना सगळं सांगितलं. ते एका स्पीकरचा फाटका पडदा काढत होते. हातातलं काम त्यांनी थांबवलं नाही.

"बेटा, लोक माझ्याकडं फाटलेलेच स्पीकर आणतेत. तपासायला वाजवावं लागतंच. पण मी काय करतो, आवाज एकदम बारीक ठेवतो, दार लोटून घेतो. का? रस्त्यावरच्या लोकांनी ऐकलं तर म्हणतील, अमक्याच्या घरचा स्पीकर फाटला. फाटलेला आवाज गिऱ्हाइकाची अमानत असती."

बोळातून एक रिक्षा गेली. त्यांनी नवा पडदा बसवला, कडेनं बोट फिरवून बघितलं.

"आता काय करू?"

"माफी माग. पण माफ कर म्हणू नको. ते म्हटलं की तिच्यावर एक काम टाकलं तू. आधीच तिच्यावर कमी हाय का?"

मी तसंच लिहिलं. मी काय केलं, का केलं, मायेच्या आत काय होतं, सगळं. उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिलं आणि ते पत्र दिवेवाल्या आजोबांकडं दिलं. तिचा पत्ता त्यांच्याकडं असेल तर पोचवा, नसेल तर राहू द्या. त्यांनी दोन शब्दांत कळवलं, पोचवलं.

पुढचा आश्विन आला. सोयाबीन निघालं, ज्वारी पेरली गेली. इलोनाकडून काही नाही. त्याच्या पुढच्या आश्विनात परतीच्या पावसानं गंजी भिजवली. आम्ही दोन दिवस ताडपत्र्या ओढत होतो आणि त्या गडबडीत मला ती आठवली नाही. तिसऱ्या दिवशी आठवली तेव्हा आठवली नव्हती याचंच वाईट वाटलं. मी ऑपेरा ऐकणं जवळजवळ सोडलं होतं. आवाज चढू लागला की मी टोक यायच्या आत बंद करायची. वस्तीत माझं खातं होतं, पण मी तिथं बोलत नसे. नवीन माणसं येत, दिवेवाले आजोबा त्यांना तेच दोन नियम पाठवत. दुसरा नियम त्यांनी आता अधिक मोठ्या अक्षरात लिहिला होता. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. ती मोठी अक्षरं पुरेशी होती.

या वर्षी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, लातूरच्या घरी मी झेंडूचे हार ओवत असताना फोनवर निरोप आला. नाव नवीन होतं, दुसऱ्याच वस्तीतलं. उघडलं तर इलोना.

तिनं लिहिलं होतं, त्या वर्षअखेर तिनं नाटकगृह सोडलं. आता मुलांना गाणं शिकवते, शनिवारी एका लहान सभागृहात गाते. वरचा सूर परत आला नाही. तिनं तो नसलेली गाणी शोधून काढली, तीही पुष्कळ निघाली. तुझं पत्र मला मिळालं होतं, तिनं लिहिलं. तू किती लोकांना पत्रं लिहीत बसली होतीस तेही आजोबांनी सांगितलं. मी तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही माहीत नाही. पण तीन वर्षं तुझ्याशी मनात भांडून मी थकले. तेव्हा एक मागते. तू माझा आवाज तुटताना ऐकलास. मी तुझा आवाज कधीच ऐकलेला नाही. मला तुझं गाणं पाठव.

मी कधीच गात नाही. शाळेत प्रार्थनेलासुद्धा मी ओठ हलवायची. माझा आवाज घोगरा, बेसूर, आणि वर्गात ओरडून ओरडून बसलेला. हे तिला कळवावं असं वाटलं. कळवलं नाही. मग तिनं तरी काय सांगितलं होतं त्या दिवशी, याहून वेगळं.

हार बाजूला ठेवून मी आतल्या खोलीत गेले, पंखा बंद केला. माझी आई देगलूरकडची, तेलंगणाच्या सीमेवरची. आम्हाला झोपवताना ती एक गाणं म्हणायची, दोनच ओळींचं, निम्मं तेलुगू, निम्मं मराठी. त्यातल्या तेलुगू शब्दांचा अर्थ मी तिला कधी विचारला नाही आणि आता विचारायला ती नाही. तेवढं एकच गाणं मला पूर्ण येतं. मी फोन समोर धरला आणि ते म्हटलं. दुसऱ्या ओळीत आवाज चिरकला. थांबून पुन्हा सुरुवात करावी असं वाटलं. केली नाही. चिरकला तसाच ठेवला, शेवटपर्यंत गेले, आणि पाठवून दिलं. कुणाला ऐकवू नकोस, असं खाली लिहिलं होतं. पाठवायच्या आधी तेवढं वाक्य खोडलं.

घटकाभरानं तिनं ते ऐकल्याची खूण दिसली. उत्तर आलं नाही, अजून आलेलं नाही. ते तिनं एकटीनं ऐकलं की चारचौघांत लावलं, मला माहीत नाही. मी विचारणार नाही.